ड्रोमाना की बॅलिसॅगार्टमोर?

आपल्या वाड्यांना देवडी असते, तशी युरोपातल्या जहागिरींच्या फाटकाशी द्वारपालाची छोटी इमारत असते. आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यात अशा दोन नावाजलेल्या देवड्या आहेत: ड्रोमाना आणि बॅलिसॅगार्टमोर. एकच बघायला वेळ असेल तर कुठली?

ड्रोमानाची फिनिस्क नदीच्या पुलावर उभी आहे. कमानीवर कांद्याच्या आकाराचा घुमट, बाजूला सडपातळ मिनार आणि खिडक्यांना गॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चसारखी, टोकं. १८२६ मध्ये हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट नव्या नवरीला घेऊन परतले, तेव्हा स्वागताला हे फाटक तात्पुरत्या सामानात उभारलं होतं. म्हणजे लग्नाचा मांडवच की! जोडप्याला तो इतका आवडला की पुढे तो पक्का बांधून घेतला. या शैलीला ‘हिंदू-गॉथिक’ म्हणतात. खरं तर घुमट-मिनार बघून आपल्याला मंदिरापेक्षा मशीदच आठवेल. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजेशाही पॅव्हेलियनचं, म्हणजे भारतीय धाटणीच्या घुमट-मिनारांच्या महालाचं, हे गावठी भावंड.

लिस्मोरजवळची बॅलिसॅगार्टमोर मात्र जंगलात, तीही गॉथिक किल्ल्याच्या थाटात: बुरूज, कंगोरे, ओढ्यावरचा पूल. आर्थर कायली-अशरने १८३० च्या दशकात ती बांधली. जावेचा वाडा बघून त्याच्या बायकोने हट्ट धरला, असं सांगतात. देवड्यांवरच पैसे संपले, मोठा वाडा झालाच नाही. १८४० च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात याच माणसाने कुळांना घराबाहेर काढलं, हे ठाऊक असलं की ते बुरूज नुसते देखणे वाटत नाहीत.

कारागिरी आणि गंमत हवी तर ड्रोमाना. मी मात्र बॅलिसॅगार्टमोर निवडेन, पाऊस नसलेल्या दिवशी.