स्लाइड्स की छापील अहवाल? बिझनेस क्लबवाल्यांसाठी

भाऊ, बिझनेस क्लबचं, म्हणजे छोटे धंदे करून बघणाऱ्या पोरांच्या गटाचं, वर्षभराचं काम स्पर्धेत दाखवायचं म्हटलं की आमच्या जळगावकडची पोरं आधी स्लाइड्सच उघडतात. स्लाइड्सचा फायदा एकच पण मोठा, समोरच्याचं तोंड बघून बोलता येतं आणि परीक्षकाने मधेच "नफा किती?" विचारलं तर तिथल्या तिथं सांगता येतं. पण वेळ संपला की संपला, आमचं तर शेवटचं हिशोबाचं पान दाखवायचंच राहून गेलं होतं, आणि तेच खरं दाखवण्यासारखं होतं!

अहवालाचं उलटं आहे, तो परीक्षक निवांत वाचतो, मागे जाऊन आकडे जुळवतो, म्हणजे भरताची वांगी विकायचा स्टॉल लावला असेल तर भांडवल, विक्री, शिल्लक, उरलेल्या मालाचं काय केलं, सगळं टेबलात मांडावं लागतं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन (त्या भागाचंच खास पीक असल्याची अधिकृत नोंद) मिळालंय ही ओळ स्लाइडवर भारी दिसते, पण क्लबने स्वतः काय केलं ते नसेल तर अहवालात ती नुसती जागा भरायला टाकलेली वाटते.

बोलकी पोरं असतील तर स्लाइड्स घ्या. आमच्यात बोलणारा एकच, म्हणून यंदा अहवाल.