पडद्यावरचा व्हायरस खोटा, खालचा फोन नंबर चोराचा

प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा फुकट दिसणारी मॅच शोधताना भलत्याच जाहिरातीवर क्लिक होतं आणि अख्खा स्क्रीन व्यापून लाल-निळा इशारा येतो. भोंगा वाजतो, एक बाई बजावत राहते : संगणक बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे. माउसचा बाणही दिसेनासा होतो. खाली टोल-फ्री नंबर असतो. घरात एकटं असलेलं वयस्कर माणूस घाबरून तो फिरवतं.

या क्षणापर्यंत संगणकात बहुधा काहीच शिरलेलं नसतं. तो इशारा म्हणजे फुल स्क्रीन केलेलं एक वेबपेज आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारेल. नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येतं. भोंग्याऐवजी कोपऱ्यात सारख्या ‘व्हायरस सापडला’ अशा पट्ट्या येत असतील, तर कुठल्यातरी साइटला ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ती अनोळखी नावं काढून टाका.

फोन लावलाच, तर पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो. विंडोज आणि आर या कळा दाबायला लावून तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडवतो आणि तिथल्या लाल फुल्या, पिवळे त्रिकोण दाखवतो. भलेभले इथे फसतात, कारण पुरावा आपल्याच मशीनवर, आपल्याच डोळ्यांसमोर असतो. पण त्या नोंदी धडधाकट संगणकातही ढिगाने असतात. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, नेट क्षणभर तुटलं, तरी नोंद होते.

मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर असं दुरून संगणकाचा ताबा घेऊ देणारं सॉफ्टवेअर उतरवायला सांगतात, त्यातला आकडा विचारतात आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबायला लावतात. अँटिव्हायरस इथे सहसा गप्प राहतो, कारण ही सॉफ्टवेअरं खरी आहेत, कंपन्या ती रोज कामाला वापरतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. मोबाइलवरही तसलंच अ‍ॅप टाकायला लावलं, की आलेला ओटीपी त्यांना आपल्याबरोबरच दिसतो. तुमचा स्क्रीन काळा करून मागे काम करायची सोयही असते.

दुसरा डाव ‘रिफंड’चा. पैसे परत करतो म्हणून आपलं नेट बँकिंग उघडायला लावतात, ब्राउझरमध्येच पानावरचा शिलकीचा आकडा बदलतात आणि ‘चुकून जास्त पैसे गेले, वरचे परत करा, नाहीतर माझी नोकरी जाईल’ म्हणून रडकुंडीला येतात. त्या वेळी एफ५ दाबून पान ताजं केलं, की जुना आकडा परत दिसतो. आपल्या बँकेच्या एसएमएसमध्येही काही जमा झालेलं नसतं.

ताबा दिला गेला असेल, तर वाद घालत बसू नका. आधी राउटर बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. इथे मिनिटं मोलाची आहेत : पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली, तरच ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. लाजेपोटी रात्रभर गप्प राहणं म्हणूनच फार महागात पडतं. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड फुटले असं धरून चला आणि ते दुसऱ्या उपकरणावरून बदला, सुरुवात ईमेलपासून करा.

दुकानदार लगेच फॉरमॅट मारायला सांगेल. आधी थांबवा. एनीडेस्कच्या फोल्डरमध्ये ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची टेक्स्ट फाइल असते, त्यात कोणत्या आयडीवरून केव्हा जोडणी झाली ते सापडतं. ती फाइल, ब्राउझरची हिस्टरी आणि कॉलची नोंद पोलिसांसाठी पेनड्राइव्हवर काढून घ्या, मगच विंडोज नव्याने टाका. नुसतं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून भागत नाही, कारण पासवर्ड लावून ठेवलेलं दुसरं एखादं तसलंच सॉफ्टवेअर मागे सोडलेलं असू शकतं.

काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो’ असा फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला सायबर अधिकारी म्हणवतो, तक्रारीचे तपशीलही सांगतो, थोडी प्रोसेसिंग फी मागतो आणि पुन्हा एनीडेस्कच टाकायला लावतो. फोन ठेवा आणि तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.