पहाटेचं मनन की बुधवारची प्रार्थनासभा?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ताईंनी विचारलं: पहाटे एकटीनं बायबलचं वचन वाचून मनन करू, की बुधवारी पुण्याच्या कॅम्पातल्या घरगुती प्रार्थनासभेला जाऊ? दोन्ही जमत नाही.

वेळेचं म्हणाल तर मननाला वीस मिनिटं पुरतात. सभा तासाभराची, पण हिंजवडीहून कॅम्पात पोचेपर्यंतच संध्याकाळ सरते.

मनात मुरण्याच्या बाबतीत मला एकांताला तोड दिसत नाही. स्तोत्र 119 घ्या. 176 वचनं, आठ-आठांची 22 कडवी. रोज एकच कडवं पुटपुटत वाचायचं आणि जे वचन टोचेल तिथंच थांबायचं. दुपारी ऑफिसात कुणाचा राग आला की तेच वचन आपसूक ओठांवर येतं. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल ज्या आत्म्याच्या चिंतनाला जीवन व शांती म्हणतो, ते असं अंगवळणी पडतं. प्रभू येशूही पहाटे अंधारातच उठून एकांती प्रार्थनेला जाई.

टिकण्यात मात्र सभा सरस. एकटं असताना गजर बंद करता येतो. सभेला दिसला नाहीत तर कुणीतरी फोन करतंच. शिवाय दुःखात शब्द सुचत नाहीत, तेव्हा इतर जण आपल्यासाठी प्रार्थना करतात. केडगावच्या मुक्ती मिशनमधली 1905 ची आत्मिक जागृती पंडिता रमाबाईंसोबत जमून प्रार्थना करणाऱ्या मुलींमध्येच झाली.

विश्वासात नवे असाल, किंवा घरात आजारपण, शोक असेल तर सभा धरा. रविवारची उपासना चुकत नाही, पण आठवडाभर मन सैरभैर असतं, त्यांनी मनन धरावं. ताई, तुमचं हेच आहे. सभेला महिन्यातून एकदा आलात तरी चालेल.