टीव्ही चांगला, फाइल बरोबर, सूचना मात्र अर्ध्याच

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन टीव्हीचे आणि एक ई-मेलला उत्तर देणाऱ्या अनोळखी माणसाचा. फोनवरच्या मदतीला काय द्यावं ते सुचेना.

टीव्ही ४३ इंची, साडेतीन वर्षांचा. चित्राबद्दल, आवाजाबद्दल कधी तक्रार नव्हती. एका रात्री नवीन अपडेट आल्याची पट्टी दिसली. मी ‘नंतर’ दाबलं आणि झोपायला गेले. त्याच्या लेखी ‘नंतर’ म्हणजे मध्यरात्र असावी. सकाळी सासूबाईंची हाक आली, “अगं, हा नुसता स्वतःचं नाव सांगत बसलाय.” कंपनीचा लोगो यायचा, वीसेक सेकंद थांबायचा, पडदा काळा व्हायचा, की पुन्हा लोगो.

फोन तीनदा केला. तिन्ही वेळा एकच उपाय: प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा. चौथ्या दिवशी टेक्निशियन आला आणि मागचं झाकण न उघडताच म्हणाला, “बोर्ड गेलाय.” वॉरंटी संपलेली. मी विचारलं, बोर्ड गेलाय तर लोगो कोण दाखवतंय? “मॅडम, असंच असतं.”

असंच नसतं. लोगो दिसतो म्हणजे पॅनल (चित्र दाखवणारा पडदा), त्यामागचे दिवे आणि पॉवर सप्लाय ठीक आहेत, आणि टीव्ही जागा करणारा पहिला छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडरही चालतोय. तो पुढची सिस्टिम उचलायला जातो, तिथे अर्धवट लिहिलेलं काहीतरी सापडतं, की गाडी परत पहिल्यापासून. बोर्डावरची मेमरी चिप झिजली तरी असं होतं, आणि तेव्हा सिस्टिमची फाइल पेनड्राइव्हवरून पुन्हा भरूनही उपयोग नसतो, हे मान्य. पण अपडेटच्या दुसऱ्याच सकाळी अडकलेल्या टीव्हीत आधी फाइल भरून बघायला काय हरकत होती?

मग मी कंपनीला ई-मेल करून ती फाइल मागितली. सोबत टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो: मॉडेल नंबर, सिरियल नंबर, पॅनलचा कोड. हा फोटो महत्त्वाचा, कारण एकाच मॉडेल नंबराखाली दोन-तीन वेगळी पॅनल निघतात. दुसऱ्या पॅनलची फाइल भरली तर चित्र उलटं दिसतं, रंग बिघडतात, कधी टीव्ही उठतच नाही. म्हणून इंटरनेटवर कुठेतरी मिळालेली फाइल भरायच्या फंदात मी पडले नाही. दोन दिवसांनी लिंक आली आणि सोबत दोन ओळी: पेनड्राइव्हवर कॉपी करा, बटण दाबून टीव्ही सुरू करा.

या दोन ओळींनी माझा शनिवार खाल्ला. पहिला पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, फाइली ठेवायच्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला. टीव्हीने ढुंकूनही पाहिलं नाही. मग ड्रॉवरमधला जुना ८ जीबीचा शोधून फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला, तरी लोगोच. झिप उघडताना फाइल एका फोल्डरमध्ये जाऊन बसली होती, ती बाहेर, अगदी वरच्या पातळीवर असायला हवी. ती बाहेर काढली. तरीही नाही. शेवटी चष्मा लावून नाव वाचलं. मी दोनदा डाउनलोड केल्यामुळे नावापुढे कंसात १ चिकटला होता! टीव्ही ठरावीक नावाचीच फाइल शोधतो, त्याला हा एक कुठून ओळखू येणार? आणि पेनड्राइव्ह लावायचा तो यूएसबी २ च्या खाचेत, निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत नाही. निदान माझा टीव्ही तरी निळ्या खाचेतून काही वाचेना.

मग जमलं. भिंतीवरचं बटण बंद, पेनड्राइव्ह आत, टीव्हीच्या खालचं पॉवर बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने भिंतीवरचं बटण सुरू करायचं. ते काम सासूबाईंनी केलं. लाल दिवा लुकलुकला, पडद्यावर पट्टी सरकू लागली. ७४ टक्क्यांवर ती इतका वेळ थांबली की माझे हात गार पडले, कारण मध्येच वीज गेली तर बूटलोडरही हातचा जाऊ शकतो. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. त्यानंतरचा पहिला लोगोही चांगला चार मिनिटं रेंगाळला, पण तेवढा रेंगाळतोच.

ॲप, पासवर्ड, चॅनेलचा क्रम, सगळं पुसलं गेलं. रिमोटचं बोलून शोधायचं माइकचं बटण पुन्हा जोडावं लागलं. नंतर मी मुद्दाम एक सिनेमा लावून चित्र पूर्ण स्पष्ट येतंय का ते पाहिलं, कारण चुकीच्या फाइलने कॉपी-संरक्षणाच्या किल्ल्या (सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून टीव्हीत ठेवलेले कोड) उडाल्या तर काही ॲप फक्त धूसर चित्र देतात. इथे सगळं जागेवर होतं. आपोआप अपडेट बंद केलाय. महिन्यातून एकदा दिवसाढवळ्या, मी समोर बसलेली असताना, हाताने करते.

सोमवारी फोनवाल्यांचा मेसेज आला: ‘ग्राहकाने बोर्ड बदलण्यास नकार दिला, तक्रार बंद. आपण समाधानी आहात का?’ मी ‘नाही’ दाबलं. त्यावर पुन्हा तोच मेसेज आला, टीव्हीच्या लोगोसारखा.