दुकानातला हिरवा काटा आणि ‘मुलार्ड’चे व्हॉल्व्ह

ईएल८४ व्हॉल्व्हचा (अँप्लिफायरमधली काचेची व्हॅक्यूम ट्यूब) ‘मॅच केलेला’, म्हणजे सारखा करंट देणाऱ्या नगांचा, संच घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझ्या स्टिरिओ अँप्लिफायरला हे चार लागतात. विक्रेत्याने ‘मुलार्ड, इंग्लंडचा जुना साठा, एकदाही न वापरलेला’ म्हणत तशीच किंमत लावली आणि चारही व्हॉल्व्ह दुकानातल्या टेस्टरवर माझ्यासमोर लावून दाखवले. काटा चारही वेळा हिरव्या पट्ट्यात. बिलावर मात्र नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक सामान’.

गोम त्या टेस्टरमध्येच आहे. तो एमिशन टेस्टर. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून प्लेटकडे करंट जातो आणि मधली ग्रिड त्याला आवरते; स्क्रीन ही दुसरी ग्रिड. हे तिन्ही, ग्रिड, स्क्रीन आणि प्लेट, एकत्र जोडून तो व्हॉल्व्हचा डायोड (नुसता दोन टोकांचा भाग) करून टाकतो आणि थोड्याशा एसी व्होल्टेजवर कॅथोडमधून करंट निघतो की नाही, एवढंच बघतो. २५० व्होल्टवर व्हॉल्व्ह कसा वागेल, ग्रिडचा ताबा किती उरलाय, याचा त्याला पत्ताच नसतो. थकलेला व्हॉल्व्हही तिथे आरामात पास होतो, आणि हे त्या दुकानदाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

अँप्लिफायरच्या डाव्या बाजूची गुणगुण काही जाईना, तेव्हा घरीच टेस्टर बांधला. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, नऊ पिनांचा सॉकेट, प्लेट आणि स्क्रीनला रेग्युलेट केलेले २५० व्होल्ट, हीटरला (कॅथोड तापवणाऱ्या तारेला) ६.३, ग्रिडला उणे ७.३. कॅथोडमध्ये १० ओहमचा रेझिस्टर, त्यावर मल्टिमीटर. डेटाशीटप्रमाणे प्लेटचे ४८ आणि स्क्रीनचे साडेपाच मिलिअँपिअर धरले तर मीटरवर ०.५३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. (वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. तो रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर लावल्याशिवाय हा उद्योग करू नका.)

पहिल्यावर ०.५१. दुसऱ्यावर ०.२९, तिसऱ्यावर ०.३६. चौथ्याचा आकडा थांबायलाच तयार नाही, चढतच गेला. ग्रिडच्या वाटेत ४७० किलोओहम घातल्यावर तर उडीच मारली, म्हणजे आतली निर्वात पोकळी बिघडून गॅस झालेला. असला व्हॉल्व्ह स्वतः लाल होऊन मरतोच, वर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतो. यात मॅच काय केलं होतं, देव जाणे.

मग काच नीट बघितली. मुलार्डचा शिक्का ओल्या अंगठ्याने निघाला. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, अस्सल मालाचा छापही पुसला जातो. पण मुलार्डच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या मालावर काचेच्या तळाकडे बारीक करडा कोड कोरलेला असतो, त्यात कारखान्याचं ‘बी’ हे अक्षर. इथे तो नव्हताच. काचेवर तोंडाची गरम वाफ सोडली तेव्हा पुसलेला जुना छाप क्षणभर उमटला: रशियन लिपीतलं ६पी१४पी. तसा तो ईएल८४च्या जागी चालणारा, चांगला व्हॉल्व्ह आहे. रशियन म्हणून, रशियन भावात दिला असता तर माझी तक्रार नव्हती. वापरलेला माल पुसून, वर इंग्लंडचं नाव छापून विकणं ही सरळ लबाडी.

आकडे घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, “तुमचा टेस्टर घरगुती, आमचा कंपनीचा.” आणि बोट ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे.

तुम्ही घेताना बिलावर ब्रँड, ‘नवा’ हा शब्द आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा प्लेट करंट किती व्होल्टला, किती ग्रिड बायसला (ग्रिडच्या उणे व्होल्टेजला) मोजला, हे लिहून मागा. “असं कोणी देत नाही” म्हणाला तर पैसे खिशातून काढूच नका.