पाती बदलायचं स्टेप बिट: पॅनेलच्या कामाला घ्यावं का?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत विजेची पॅनेलं बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे एक डबा असतो. त्यात धार गेलेली, वरच्या पायऱ्या तापून निळ्या पडलेली स्टेप बिटं, म्हणजे पत्र्यात वेगवेगळ्या मापांची भोकं पाडणारी पायऱ्यांची शंकूसारखी ड्रिल बिटं. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. पाती बदलता येणारं स्टेप बिट विकणारा याच गिऱ्हाइकाकडे बघून बोलतो: बॉडी एकदाच घ्या, धार गेली की नुसतं पातं बदला. ऐकायला चोख आहे. पण या बिटाची खरी परीक्षा पात्याच्या धारेत होत नाही, पातं ज्या खाचेत बसतं तिथे होते, आणि स्वस्तातली बरीच बिटं तिथेच नापास होतात.

नेहमीच्या बिटात अख्खा शंकू एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) असतो. यात बॉडी साध्या पोलादाची, तिला मधोमध खाच, खाचेत पायऱ्या कापलेलं चपटं पातं आणि ते आवळणारा स्क्रू. पुढचा पायलट (भोक सुरू करणारं टोकदार नाक) काहींत पात्यातूनच निघालेला असतो, काहींत वेगळा. वेगळा पायलट असलेलंच घ्यावं, कारण हातातल्या मशीनवर सगळ्यात आधी नाक तुटतं, आणि तेवढ्यासाठी चांगलं पातं फेकावं लागलं तर बचत कसली?

आता खाच. पातं दोन्ही बाजूंनी कापतं, म्हणून ते अक्षाच्या बरोबर मध्ये हवं. ते ०.१ मिमी एका बाजूला सरकलं की भोक ०.२ मिमी मोठं पडतं. पत्र्याच्या कामात एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण पुश बटण आणि इंडिकेटरसाठी आयईसी ६०९४७-५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात २२.३ मिमी भोक दिलंय, वर ०.४ ची सूट. म्हणजे २२.३ ते २२.७. आपण सगळे २२.५ पाडतो, हातात उरतात ०.२. पात्याच्या बैठकीतल्या ०.१ ने ती सगळी सूट खाल्ली, बाकी कशाला जागाच राहिली नाही.

हे सरकणं बहुतेक वेळा बनावटीतलं नसतं, कचऱ्यातलं असतं. पातं बदलताना खाचेच्या तळाशी कीस अडकतो, त्यावरच नवं पातं बसतं आणि स्क्रू आवळला जातो. म्हणून पातं काढलं की ब्रशने खाच झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, पातं बोटाने तळाशी दाबून धरा आणि मग आवळा. खाचेत कानस चुकूनही घालू नका. एकदा घासलेली खाच पुन्हा सरळ होत नाही. बसलंय का ते बघायची सोपी खूण म्हणजे कीस: दोन्ही धारांवरून सारखा कीस निघाला तर पातं मध्ये आहे. एकाच बाजूने जाड कीस आणि दुसऱ्या बाजूने नुसता भुगा येत असेल तर एकच धार कापतेय. तिच्यावर दुप्पट भार येतो आणि ती आधी बोथट होते. मग ‘पाती टिकत नाहीत’ म्हणून दुकानदाराशी भांडण. बऱ्याचदा दोष पात्याचा नसतो.

पाती जळण्याचं दुसरं कारण वेग. स्टेप बिटात एकाच आरपीएमवर नाक आणि शेवटची पायरी यांचा कापायचा वेग पार वेगळा असतो. ५०० आरपीएमवर ४ मिमीची पायरी मिनिटाला साधारण ६ मीटर कापते, ३२ मिमीची पायरी ५० मीटर. एचएसएसला माइल्ड स्टीलमध्ये २५ मीटरच्या आसपास बरं पडतं. म्हणजे ३२ ला २५० आरपीएम पुरे. कॉर्डलेस मशीनचा गिअर १ वर ठेवा आणि वरच्या पायऱ्यांना ट्रिगर अर्धाच दाबा. हे पाळलं नाही तर वरच्या दोन-तीन पायऱ्या निळ्या होतात, खालच्या तशाच राहतात, आणि पातं अख्खं बदलावं लागतं. नेहमीच्या बिटाचं हेच दुखणं होतं. पातं सुटं झालं म्हणून ते गेलं नाही, फक्त स्वस्त झालं.

पायऱ्यांचे माप विकत घेण्याआधी पाहा. ४ ते ३२, दोन-दोन मिमीची पायरी, हा सर्रास मिळणारा प्रकार पॅनेलला अर्धवटच उपयोगाचा आहे. २२ च्या भोकात बटण जात नाही, २४ च्या भोकात डुलतं आणि गॅस्केट नीट दबत नाही. ग्लँडचंही (केबल आत घेताना लागणाऱ्या आट्यांच्या बुचाचंही) तेच: एम२० ला २०.५, एम२५ ला २५.५, एम३२ ला ३२.५ हवं. त्या मापांचं पातं त्याच बॉडीत बसत असेल तर मात्र या प्रकाराला दाद द्यायला हवी, कारण तेव्हा एका बॉडीवर बटणांचं वेगळं आणि ग्लँडचं वेगळं पातं ठेवता येतं. विक्रेत्याला आधी हेच विचारा. (बटण फिरू नये म्हणून भोकाला जी छोटी खाच लागते, ती कानशीनेच काढायची. त्यात कुठलंच बिट मदत करत नाही.)

पत्र्याची जाडी एका पायरीच्या उंचीपेक्षा कमी हवी. १.६ आणि २ मिमी सीआरसीएला (पॅनेलच्या नेहमीच्या पोलादी पत्र्याला) अडचण येत नाही. ३ मिमीच्या ग्लँड प्लेटला पायरी कमीत कमी ४ मिमी उंच असावी, नाहीतर हवी ती पायरी खालून बाहेर पडायच्या आत पुढची वरून चावायला लागते आणि भोक वर मोठं, खाली लहान होतं. पावडर कोटिंग असेल तर आधी मास्किंग टेप लावा. भोक झाल्यावर पुढच्या पायरीची कड हलकीच टेकवली की वरचा बर (कडेला राहिलेली धारदार कोर) निघतो. टेकवायची, दाबायची नाही.

एसएस ३०४ ला (स्टेनलेस स्टीलला) हे बिट हातातल्या मशीनवर लावू नये, असं आमचं मत. ३०४ घासलं की कडक होतं, म्हणून संथ वेग, सलग जोर आणि कटिंग ऑइल लागतं, मध्ये थांबायचं नाही. ३२ मिमीला जेमतेम १०० आरपीएम. एवढा सलग जोर हाताने दिला की बिट वाकडं होतं आणि सगळा धक्का स्क्रूवर जातो. पिलर ड्रिल (स्टँडवरचं ड्रिल मशीन) असेल, प्लेट क्लॅम्पमध्ये पक्की असेल, तर चालतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर तर कुठल्याच धातूला नको: त्याच्या ठोक्यांनी स्क्रू सैल होतो, पात्याचे कोपरे उडतात. कार्बाइडचं पातं कोणी गळ्यात मारलं तर हातातल्या मशीनसाठी घेऊ नका, पत्रा फुटून पलीकडे जाताना ते तुटतं. उभ्या दारावर तेल ओघळतं, तिथे कटिंग पेस्ट किंवा मेणाची कांडी बरी.

सगळ्यात मोठा आक्षेप साइटवरच्या कामाला. वायरिंग झालेल्या पॅनेलमध्ये भोक पाडायचं असेल तर सप्लाय बंद करून आतल्या कॉन्टॅक्टरवर (विजेच्या मोठ्या स्विचवर) कापड टाकावं लागतंच. पण या बिटात त्यावर एक सुटा स्क्रू आणि एक सुटं पातं आलं. स्क्रू निघून बसबारच्या (वीज वाहणाऱ्या पट्टीच्या) मागे पडला तर तो सापडेपर्यंत सप्लाय देता येत नाही. चुंबक फिरवून लोखंड निघतं, ३०४ चा आणि ॲल्युमिनियमचा कीस निघत नाही. चालू साइटला एकसंध बिटच न्यावं.

खर्चाचं गणित दिसतं तितकं एकतर्फी नाही. एकसंध बिटालाही धार लागते: पायऱ्यांना हात न लावता फक्त खोबणीच्या आतल्या बाजूने पातळ चाकाने घासायचं, म्हणजे माप जवळजवळ तसंच राहतं. मकरपुऱ्यात टूल ग्राइंडिंग करणारे आहेत, चांगल्या बिटाला दोन-तीन वेळा धार सहज मिळते. त्यामुळे पात्याची किंमत चांगल्या एकसंध बिटाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर बॉडीच्या नादी लागू नका. शेडमध्ये, स्टँडवर, एकाच जाडीच्या सीआरसीएवर रोज भोकं पाडणाऱ्याला हे बिट खरोखर परवडतं. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याला नाही.

दुकानात बॉडी हातात घेऊन स्क्रू न आवळता पातं खाचेत घाला. बोटाने हलवून खुडखुड जाणवली तर तिथेच परत द्या. मग व्हर्निअर लावून २२.५ ची पायरी मोजा. सोनेरी कोटिंगला भुलू नका, ते धारेचं प्रमाणपत्र नाही. बॉडीसोबत निदान तीन पाती, दोन जादा स्क्रू आणि त्याच मापाची टॉर्क्स की (चांदणीच्या आकाराची चावी) एकाच बिलात घ्या, आणि बिलावर पात्याचा पार्ट नंबर लिहून घ्या. पुढच्या वर्षी ते पातं मिळालं नाही तर ती बॉडीही त्याच डब्यात जाईल. पावसाळ्यात खाचेला आणि स्क्रूच्या आट्यांना तेलाचा हात फिरवून ठेवा, गंजलेला टॉर्क्स स्क्रू काढताना डोकं गोल झालं की पातं आतच अडकतं.