कुत्र्याचं पिल्लू घरात एकटं ठेवायचं तर पिंजरा बरा की मोकळी खोली?

सांगलीत विश्रामबागेकडं फ्लॅट आणि दोघंही नोकरीवाले, म्हणजे हा प्रश्न येतोच. पिंजऱ्यात पिल्लू वायरी, चपला कुरतडत नाही आणि झोपायच्या जागी सहसा शू पण करत नाही, पण दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन-तीन तास धरून ठेवतं, त्यामुळं दिवसभर कोंडायचं असेल तर पिंजरा विसराच, मे महिन्याच्या उकाड्यात तर नकोच नको. खोलीत घाण होणार, फरशी पुसायची तयारी ठेवा (वायरी आधी वर बांधा!), पण पाणी, पेपर, पंखा सगळं देता येतं. माझं मत खोलीलाच. एकटं राहायची सवय मात्र दोन्हीकडं सारखीच लावायची, आधी मिनिटभर बाहेर जायचं मग पाच मग पंधरा, आणि निघताना लाडबिड अजिबात नाही. दुपारी शेजारच्या काकूंना एक चक्कर मारायला सांगा की.